चित्र पाण्यालाही काढू द्या

शाळेत एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएटची परीक्षा दिलेल्या कुणालाही विचारा, जलरंग म्हटले की आधी आठवतो तो वॉश. एकसारखा, सपाट, कुठेही डाग नसलेला. त्यात पाण्याचा एखादा थेंब चुकून पडला की फुलकोबीसारखा पांढुरका डाग उमटायचा, आणि आता गुण जाणार या विचाराने पोटात गोळा यायचा. पुढे बहुतेकांची रंगपेटी माळ्यावर गेली ती कायमचीच. ‘मला काही चित्रकला येत नाही बुवा’ हे वाक्य आपल्याकडे चाळिशी-पन्नाशीतली माणसे ज्या सहजपणे उच्चारतात, त्याच्या मुळाशी अनेकदा असाच एखादा डाग असतो.

गंमत अशी की त्या डागात चित्रकलेपेक्षा भौतिकशास्त्र जास्त आहे. कागद किती ओला, ब्रश किती ओला, हवा किती दमट, रंगाचे कण किती जड यावर तो कसा उमटणार हे ठरते. एवढे कळले की डाग टाळताही येतो आणि हवा तेव्हा पाडताही येतो. हा लेख चित्रकला शिकवण्यासाठी नाही. माळ्यावरची पेटी खाली काढून एखाद्या रविवारी मुद्दाम डाग पाडून बघावेत, ते का पडले याचा माग काढावा आणि त्यातून डोक्याला थोडा विसावा मिळाला तर तोही घ्यावा, एवढाच त्याचा हेतू.

वडी, डिंक आणि कागद

जलरंगाच्या वडीत मुख्यतः असतात रंगद्रव्याचे अतिशय बारीक कण, त्यांना बांधून ठेवणारा डिंक आणि वडी ठिसूळ होऊ नये म्हणून थोडा मध किंवा ग्लिसरीन. हा डिंक बहुधा अरबी डिंक असतो, आफ्रिकेत सुदानच्या पट्ट्यात वाढणाऱ्या, आपल्या बाभळीच्या नात्यातल्या झाडाचा. म्हणजे बाळंतिणीच्या लाडवांत पडणाऱ्या डिंकाचा हा लांबचा चुलतभाऊ. पाण्यात तो विरघळतो, कणांना एकमेकांना चिकटू देत नाही आणि पाणी उडून गेले की त्यांना कागदावर धरून ठेवतो. वाळलेल्या जलरंगावर पुन्हा ओला ब्रश फिरवला की रंग थोडा सुटतो, तो याच कारणाने. तैलरंग किंवा ॲक्रिलिक एकदा वाळले की असे मागे येत नाहीत. आपल्या खेळाला ही सोय फार उपयोगाची आहे.

पारदर्शक जलरंगात पांढरा रंग जवळजवळ वापरतच नाहीत. उजेड रंगाच्या पातळ थरातून आत जातो, खालच्या कागदावर आपटतो आणि परत बाहेर येतो. चित्रातला प्रकाश म्हणजे मुळात कागदाचा पांढरेपणा. सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे हातात समई घेतलेल्या स्त्रीचे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ते जलरंगातले आहे हे ऐकून आजही अनेक जण चकित होतात. हाताच्या बोटांतून झिरपणारा तो समईचा उजेड ज्या माध्यमात आला, त्याच माध्यमात आपण शाळेत पाण्याच्या एका थेंबाला घाबरत होतो!

आता कागद. या खेळात पैसे कुठे खर्च करावेत असे कुणी विचारले तर मी डोळे झाकून सांगेन, कागदावर. रंग शाळकरी पेटीतले चालतील, ब्रश एक जाड आणि एक मध्यम पुरे. पण नेहमीच्या चित्रकलेच्या वहीचा पातळ कागद पाणी लागताच फुगतो, त्याच्या लाटा होतात आणि रंग त्या लाटांच्या खळग्यांत साचतो. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचे जाळे. तंतू पाणी प्याला की लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत मात्र चांगला फुगतो. ओला भाग पसरू पाहतो, शेजारचा कोरडा भाग त्याला जागा देत नाही, मग कागद वर उचलला जातो. ३०० जीएसएमचा जाड जलरंग-कागद हा ताण बराचसा सोसतो. पातळच कागद असेल तर चारही कडा मास्किंग टेपने पाटाला चिकटवून घ्याव्यात.

चांगल्या कागदाला जिलेटिनसारख्या पदार्थाची खळ दिलेली असते. ती नसेल तर कागद टीपकागदासारखा वागतो, थेंब टेकताक्षणी आत ओढून घेतो आणि मग तुम्हाला काही करायला वेळच उरत नाही. खळीमुळे पाणी काही काळ पृष्ठभागावर रेंगाळते. जलरंगातली सगळी मजा या रेंगाळण्यात आहे.

एक मोठा कागद घेऊन त्याचे पोस्टकार्डाएवढे तुकडे करा. छोट्या तुकड्याची भीती वाटत नाही. तो वाया गेला तर दुसरा असतो. प्रत्येक तुकड्याच्या मागे पेन्सिलीने काय केले ते लिहा: कोणता रंग, किती ओला कागद, किती वेळाने काय टाकले. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. एवढे पाळले तर खेळाचा प्रयोग होतो.

ओल्याकडून कोरड्याकडे

निरांजनाची वात तेल वर ओढते ते आपण रोज पाहतो. कापसाच्या धाग्यांमधल्या बारीक फटींत द्रव आपोआप चढतो, याला केशाकर्षण म्हणतात. कागदाच्या तंतूंमध्ये हेच चालते. त्यातून जलरंगाचा मूळ नियम निघतो: पाणी जास्त ओल्या जागेकडून कमी ओल्या जागेकडे जाते आणि जाताना रंगाचे कण सोबत नेते.

हा नियम हाताला कळावा म्हणून पहिला प्रयोग असा करावा. चार तुकड्यांवर एकाच निळ्या रंगाचा सारखा वॉश द्या. पहिल्यावर लगेच, दुसऱ्यावर थोड्या वेळाने, तिसऱ्यावर चकाकी गेल्यावर आणि चौथ्यावर पूर्ण वाळल्यावर स्वच्छ पाण्याचा एकेक थेंब टाका. कागद डोळ्यांच्या पातळीला आणून तिरप्या उजेडात पाहिला की चकाकी दिसते. ती आहे तोवर पाण्याचा थर वर आहे. ती गेली म्हणजे ओल आत, तंतूंमध्ये उतरली आहे.

पहिल्या तुकड्यावर थेंब नुसताच मिसळून जाईल, जरासा फिकट ढग उठेल. चौथ्यावर काहीच होणार नाही, फार तर थेंबाच्या जागी रंग थोडा सुटेल. खरे नाटक तिसऱ्यावर आहे. कागद अर्धवट सुकलेला, वरून आलेला थेंब भरपूर ओला. पाणी चहूकडे धावते, वाटेतले सैल कण ढकलत नेते आणि जिथे त्याचा जोर संपतो तिथे त्यांना टाकून देते. मध्ये फिकट, कडेला गडद आणि कड अशी नक्षीदार की फुलकोबीच. परीक्षेतला तो डाग हाच! दुसरा तुकडा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो आणि तुमची वेळ किती साधली त्यावर अवलंबून दरवेळी वेगळा दिसतो.

डाग टाळायचा उपाय यातच दडला आहे. सुकत आलेल्या वॉशला कागदापेक्षा ओला ब्रश लावायचा नाही. आणि डाग हवा असेल, म्हणजे ढग, झाडांचे घेर, खडकावरचे शेवाळ, तर नेमके तेच करायचे.

मात्र इथे वेळेचा हिशेब पुस्तकातून उचलता येत नाही. थंड, कोरड्या देशांतली पुस्तके किंवा व्हिडीओ पाहून ‘पाच मिनिटे थांबा’ असे लक्षात ठेवाल तर फसगत होईल. मे महिन्यात नागपुरात चकाकी बघता बघता उडते, जुलैत मुंबईत किंवा रत्नागिरीत तोच कागद चहा पिऊन आलात तरी ओलाच असतो. हवेत आधीच बाष्प भरलेले असले की बाष्पीभवन मंदावते. पावसाळ्यात म्हणूनच ओल्यावर ओले काम करायला निवांत वेळ मिळतो, आणि उन्हाळ्यात पंखा बंद करून बसावे लागते. घड्याळापेक्षा चकाकीवर विश्वास ठेवावा.

थेंबाची कड गडद का होते?

वाळलेल्या रंगाच्या थेंबाला कडेने एक गडद रेघ असते. टेबलावर सांडलेल्या कॉफीच्या थेंबाचा डाग असाच दिसतो, मध्ये फिकट आणि कडेला तपकिरी कंगोरा. पिढ्यान् पिढ्या लोकांनी हे डाग पुसले. त्यामागचे कारण नीट मांडले गेले ते १९९७ मध्ये, शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांच्या ‘नेचर’मधल्या निबंधात.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. थेंबाची कड पृष्ठभागाला खिळून बसते, थेंब वाळताना आतल्या बाजूला सरकू शकत नाही. कडेशी थर पातळ असतो आणि तिथून बाष्पीभवनही वेगाने होते. कडेचे पाणी उडाले की त्याची भरपाई करायला मधले पाणी कडेकडे वाहते आणि कणांची वरात तिकडे घेऊन जाते. पाणी उडून जाते, कण तिथेच अडकतात. २०११ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने दाखवले की कण गोल न घेता लांबट घेतले तर ही कड जवळजवळ नाहीशी होते, कारण लांबट कण थेंबाच्या पृष्ठभागावर एकमेकांत गुंतून बसतात आणि कडेपर्यंत जातच नाहीत. छपाईची शाई आणि निरनिराळे लेप सारखे पसरावेत म्हणून या ज्ञानाचा उपयोग होतो. वाळलेल्या रक्ताच्या थेंबातली नक्षी हाही संशोधनाचा विषय झाला आहे.

चित्रकाराने याचा उपयोग फार आधीपासून केला. पाकळीची कड, डोंगराची कड, पाण्यातल्या सावलीची कड वेगळी रेघ न ओढता मिळवायची तर रंग भरपूर पाण्यात घेऊन एकाच वेळी लावायचा आणि हात मागे घ्यायचा. बाकीचे काम बाष्पीभवन करते. उलट, कड नको असेल तर ती ओली असतानाच स्वच्छ, ओलसर ब्रशने पुसून पातळ करायची. सपाट वॉश देताना पाट तिरका धरून रंगाचा ओहोळ खाली खाली नेत राहायला शिक्षक का सांगायचे, तेही आता लक्षात येईल. कड कुठेच खिळू द्यायची नाही, हा त्याचा अर्थ. हे कारण तेव्हा कुणी सांगितले असते तर किती बरे झाले असते.

ओट्यावरची प्रयोगशाळा

ब्राउनश्वाइग या जर्मन शहरात ॲग्नेस पॉकेल्स नावाची मुलगी राहत होती. स्त्रियांना विद्यापीठाचे दार बंद होते तो हा काळ. घरकाम आणि आजारी आईवडिलांची देखभाल करता करता तिने स्वयंपाकघरातल्या खरकट्या, साबणाच्या, तेलकट पाण्याचा पृष्ठभाग निरखला, पत्र्याच्या एका उथळ तबकात पृष्ठताण मोजण्याची युक्ती शोधली आणि जानेवारी १८९१ मध्ये लॉर्ड रेले या नामवंत भौतिकशास्त्रज्ञाला पत्र लिहून आपली निरीक्षणे कळवली. रेलेंनी ती त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये छापून आणली. पुढे आयर्व्हिंग लँगम्यूर यांनी याच धर्तीच्या साधनाने जे संशोधन केले, त्या पृष्ठभाग-रसायनशास्त्राला १९३२ चे नोबेल मिळाले. ओट्यापाशी उभे राहून विज्ञान होत नाही असे कुणी म्हटले तर पॉकेल्सबाईंचे नाव सांगावे.

त्यांचाच विषय कागदावर पाहता येतो. पाण्याच्या पृष्ठभागावरचे रेणू एकमेकांना घट्ट ओढून धरतात, म्हणून तो ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. अल्कोहोलचा पृष्ठताण पाण्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी. कोरोनाकाळातली पातळ, फवाऱ्याची सॅनिटायझरची बाटली कुठे शिल्लक असेल तर शोधा, जेलचा उपयोग नाही. गडद, चांगला ओला वॉश द्या आणि इअरबडच्या टोकाने अल्कोहोलचा एक थेंब त्यावर टेकवा. रंग दचकल्यासारखा बाजूला सरतो आणि मध्ये फिकट वर्तुळ पडते. जिथे ताण कमी झाला तिथून जास्त ताणाच्या दिशेला पृष्ठभाग ओढला जातो. इटलीच्या कार्लो मारांगोनी यांनी एकोणिसाव्या शतकात या प्रवाहांचा अभ्यास केला, म्हणून त्यांना त्यांचे नाव मिळाले. भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यानेही असा परिणाम मिळतो, पण त्याची वर्तुळे इतकी नेटकी येत नाहीत. अल्कोहोल पेट घेते, तेव्हा हा प्रयोग गॅस, देवघरातला दिवा आणि उदबत्तीपासून लांब, खिडकी उघडी ठेवून करावा. मुले सोबत असतील तर बाटली मोठ्यांच्या हातात.

मिठाचा प्रयोग सगळ्यांच्या आवडीचा. वॉशची चकाकी आहे पण पाणी साचलेले नाही, अशा वेळी वरून मिठाचे दाणे टाकावेत. दाणा भोवतालची ओल आपल्याकडे खेचून विरघळू लागतो, त्याच्याभोवतीचा रंग हलतो आणि कागद वाळला की तिथे फिकट चांदणी उरते. बारीक मिठाने हिमकणांसारखी नक्षी येते, खडे मिठाने मोठे तारे. फार ओल्या कागदावर मीठ सगळे विरघळून जाते आणि हाती काही लागत नाही, सुकलेल्यावर ते नुसते बसून राहते. घाई करून हेअर ड्रायर लावू नये, तारे अर्धवट राहतात. पूर्ण वाळल्यावर दाणे हाताने झटकून टाकावेत, कारण कागदात राहिलेले मीठ पावसाळ्यात हवेतली ओल ओढत राहते. जुलै महिन्यातली आपली मिठाची बरणी आठवा.

मेणबत्ती घासून वरून रंग लावणे, ओल्या रंगावर चुरगाळलेले प्लास्टिक ठेवून वाळवणे, जुन्या टूथब्रशने शिंतोडे उडवणे हे प्रकार बालवाडीपासून माहीत असतात. ते करावेतच. पण अस्सल आपल्याकडचा प्रयोग हळदीचा.

चिमूटभर हळद थोड्या अल्कोहोलमध्ये ढवळली की पाण्यातल्यापेक्षा कितीतरी स्वच्छ, झळझळीत पिवळा रंग उतरतो. हळदीतले कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते. हा रंग कागदावर पसरून वाळू द्या. मग खायच्या सोड्याच्या पाण्यात ब्रश बुडवून त्यावर काहीही काढा, रेषा तांबूस उमटेल. धुण्याच्या सोड्याने ती जास्त लाल होते, पण तो हाताला लागू देऊ नये. वर लिंबाचा रस लावला तर लाली ओसरून पुन्हा पिवळे. आम्ल आणि अल्कली ओळखणारा हा घरगुती दर्शक. हळदीच्या डागाला साबण लावताच तो लाल का होतो आणि हळदीपासून कुंकू कसे करत असत, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्या एका रेषेत मिळते.

याच तुकड्याचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून तो उन्हाच्या खिडकीत ठेवा. हळदीचा डाग उन्हात घातला की जातो हे घरोघरी ठाऊक आहे. प्रकाशाने कर्क्युमिनचा रेणू मोडतो. जलरंगांपुढेही हाच प्रश्न आहे. १८८८ मध्ये इंग्लंडमध्ये रसेल आणि ॲबनी या दोघांनी जलरंगांवर प्रकाशाचा काय परिणाम होतो याचा सविस्तर अहवाल सरकारला दिला. अनेक लोकप्रिय रंग उजेडात विटतात हे त्यांनी दाखवलेच, शिवाय दमट हवेत ते लवकर विटतात आणि निर्वात नळीत ठेवले तर बहुतेक टिकून राहतात, हेही नोंदवले. कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी यातला दमट हवेचा भाग लक्षात ठेवावा. तुमच्या पेटीतल्या प्रत्येक रंगाची एक पट्टी काढून, अर्धी झाकून दोन महिने खिडकीला लावा. पारंपरिक ॲलिझरीन क्रिमसनसारखे लाल आधी हार मानतात. कोणत्या रंगात काढलेले चित्र भिंतीवर लावायचे आणि कोणते वहीत ठेवायचे, हे ती पट्टी सांगेल.

रंगद्रव्यांचे स्वभाव हा एक स्वतंत्र छंद होऊ शकतो. अल्ट्रामरीन निळा भरपूर पाण्यात खडबडीत कागदावर लावा, त्याचे कण कागदाच्या खळग्यांत उतरून बसतात आणि वाळूसारखा पोत दिसतो. कपड्यांना घालायची जुनी पूड-नीळ हेच कृत्रिम अल्ट्रामरीन. थॅलो निळ्याचे कण फार बारीक. तो तंतूंत शिरतो आणि धुतला तरी निघत नाही. प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये एका रंगाऱ्याच्या हातून, लाल रंग करायला जाताना, अपघाताने तयार झाला. आज त्याच संयुगाची औषधी प्रतीची कॅप्सूल थॅलियमच्या विषबाधेवर आणि किरणोत्सारी सीझियम पोटात गेल्यास दिली जाते. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरातल्या दुर्घटनेत ती रुग्णांना दिली गेली होती. याचा अर्थ रंगपेटीतली वडी खावी असा अजिबात नाही.

बरे वाटते, पण किती?

रंगांशी खेळून ताण कमी होतो का? २०१६ मध्ये फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी १८ ते ५९ वयोगटातल्या ३९ निरोगी व्यक्तींना ४५ मिनिटे मोकळेपणाने कलाकृती करायला दिली आणि आधी व नंतर त्यांच्या लाळेतले कॉर्टिसॉल मोजले. ताणाशी संबंधित हे संप्रेरक सुमारे ७५ टक्के जणांत कमी झालेले आढळले. पूर्वी कलेचा सराव असलेले आणि नसलेले यांच्यात या बाबतीत विशेष फरक दिसला नाही. ‘मला येत नाही’ म्हणणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

पण या आकड्याने हुरळून जाऊ नये. अभ्यास लहान होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि कॉर्टिसॉल दिवसभरात स्वतःच्या लयीनेही उतरत असते. लोकांना दिलेल्या साहित्यात मार्कर, माती आणि कोलाजचे कागद होते, जलरंग नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये ३००० हून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कला आणि आरोग्य यांचा संबंध असल्याचे मांडले, मात्र त्यात संगीतापासून नृत्यापर्यंत सगळेच होते आणि अभ्यासांचा दर्जाही सारखा नव्हता. तेव्हा जलरंग रक्तदाब उतरवतात, नैराश्य घालवतात असे कुणी छातीठोकपणे सांगू लागले तर जरा सावध व्हावे. प्रशिक्षित तज्ज्ञाकडून दिली जाणारी कला-उपचारपद्धती वेगळी आणि आपला रविवारचा खेळ वेगळा. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, झोप-भूक उडाली असेल, तर आधी डॉक्टर.

तरीही मला वाटते, या खेळात एक गोष्ट अशी घडते जी मोजायला कठीण आहे. ओल्या कागदावर रंग सोडला की पुढची दोन-तीन मिनिटे तुम्हाला नुसते बघावे लागते. हात लावला की बिघडते. मोबाइल हातात घ्यायला बोटे रंगलेली असतात. आणि जे उमटते ते पूर्णपणे तुमचे नसतेच, निम्मे पाण्याचे असते, त्यामुळे चांगले-वाईट ठरवायची घाई ओसरते. मुले ओल्या रंगाकडे ‘आता काय होईल’ म्हणून बघतात. मोठी माणसे ‘हे काय झाले’ म्हणून. चार-सहा तुकडे झाले की मोठ्यांचा प्रश्नही हळूहळू बदलतो. ज्यांचा हात थरथरतो, बारीक रेघ ओढवत नाही, अशा आजी-आजोबांना तर ओल्यावर ओले रंगवणे फार सोयीचे. जाड मुठीचा ब्रश द्यावा, पाण्याचे भांडे जड आणि रुंद बुडाचे असावे म्हणजे लवंडत नाही.

पथ्ये थोडीच, पण पाळायलाच हवीत. ब्रशला टोक काढायला तो ओठांत धरायचा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत घड्याळाच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकता रंग लावणाऱ्या तरुण कामगार मुलींना ब्रश ओठांनी टोकदार करायला शिकवले जाई. त्यांच्या जबड्यांची हाडे सडली, काहींना कर्करोग झाला, अनेक जणी दगावल्या. न्यू जर्सीतल्या पाच जणींचा खटला १९२८ मध्ये तडजोडीने मिटला. आपल्या पेटीत रेडियम नाही, पण चित्रकारांसाठीच्या महागड्या रंगांत कॅडमियम आणि कोबाल्टची संयुगे असू शकतात. ट्यूबवर रंगाच्या नावापुढे ‘ह्यू’ लिहिलेले असेल तर सहसा तो मूळ रंगद्रव्याऐवजी पर्यायी द्रव्याने केलेला असतो. मुलांसाठी शाळकरी, बिनविषारी असे लिहिलेलीच पेटी घ्यावी. सुट्या रंगद्रव्याची कोरडी भुकटी घरात उडवू नये, ती श्वासावाटे आत जाते. रंगवताना खाणे नको, नंतर हात धुवावेत. आणि रंगाच्या पाण्याचा मग चहाच्या मगापेक्षा वेगळ्या आकाराचा असू द्या. ही चूक किती सहज होते हे रंगवणाऱ्या कुणालाही विचारा.

झालेले तुकडे पूर्ण वाळल्यावरच वहीत ठेवावेत. खळीचे जिलेटिन आणि डिंक हे बुरशीचे आवडते खाद्य आहे, त्यामुळे ओलसर कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद केला की पावसाळ्यात त्यावर काळे ठिपके येतात. रंगपेटीही उघडी ठेवून वाळू द्यावी आणि मगच मिटावी. वड्यांमध्ये मध असेल तर ती साखरेच्या डब्याशेजारी ठेवू नका, मुंग्यांना दोन्हींतला फरक कळत नाही.